यामातोचा नकाशा

मी पॅटर्नमेकर. ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने करण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून लाकडाची जहाजे करू लागलो. तयार खोका आणून सुटे भाग चिकटवायचे हे काम नव्हे. तळापासून तोफेपर्यंत सगळे आपणच कापायचे. सध्या जपानची 'यामातो' ही युद्धनौका घेतली आहे. खरी २६३ मीटर लांब होती. माझी ३५०व्या हिश्श्याची, म्हणजे ७५ सेंटिमीटर. आमच्या खोलीत याहून मोठी मावणारही नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, युद्धाचंच जहाज कशाला?" मी तिला सांगितले, ७ एप्रिल १९४५ रोजी हे जहाज बुडाले तेव्हा त्यावर तीन हजारांहून जास्त माणसे होती आणि तीनशेसुद्धा वाचली नाहीत. करायचेच तर ती माणसे जिथे उभी होती, त्या जागा तरी खऱ्या असाव्यात. तेव्हापासून तीच मला मोबाइलवर जपानी अक्षरांचा अर्थ लावून देते.

पण खरा नकाशा आणायचा कुठून? ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि नौदलाने कागदपत्रांच्या होळ्या केल्या. त्याआधी गुप्तता इतकी, की यामातोच्या ४६ सेंटिमीटरच्या तोफांना कागदोपत्री ४० सेंटिमीटरच्या म्हणत. म्हणजे अस्सल कागद हाती लागला, तरी त्यावरचा आकडा खोटा! युद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या तांत्रिक पथकाने जपानी इंजिनिअरांना विचारून अहवाल लिहिले. शिझुओ फुकुई या जहाजबांधणीतल्या अधिकाऱ्याने छायाचित्रे व कागद जमवले. युझुरू हिरागा या थोर रचनाकाराचे कागद तोक्यो विद्यापीठाने जपले आहेत. यानुस स्कुल्स्की यांचे यामातोवरचे रेखाचित्रांचे पुस्तक १९८८चे. मेहनत अफाट. तरी तीही मागाहून जुळवलेली जुळणीच.

मी एकदा एका विक्रेत्याकडून टपालाने नकाशा मागवला. पैसे बरेच गेले. लाकडाला करवत लावण्याआधी मोजून पाहिला. वरून दिसणाऱ्या आकृतीत एका फ्रेमपाशी जहाज जेवढे रुंद, तेवढेच ते आडव्या छेदातही यायला हवे. इथे दोन्हींत चार मिलिमीटरचा फरक! खऱ्या जहाजात तो जवळजवळ दीड मीटर होतो. नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला. झेरॉक्सचेही तसेच. लांबी ७५ सेंटिमीटर आली तर रुंदी ११ आलीच पाहिजे, कारण खरी ३८.९ मीटर होती. न आल्यास कागद ताणला गेला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट तारखेची. जहाज दर वर्षी सारखे राहत नाही. यामातोवर १५.५ सेंटिमीटरच्या तोफांचे बुरूज आधी चार होते. १९४४च्या सुरुवातीला बाजूचे दोन काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. नकाशात बुरूज चार आणि विमानविरोधी तोफा शेवटच्या दिवसाइतक्या दिसल्या, तर काढणाऱ्याने दोन जहाजे एकत्र शिजवली आहेत. मी एप्रिल १९४५ ठरवले आहे. त्यामुळे आधीची छायाचित्रे कितीही सुंदर असली तरी बाजूला.

कोणी म्हणेल, खरे जहाजच पाहावे. योकोसुका येथे 'मिकासा' आजही उभी आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावरच्या तोफा, धुराडी सगळे काढून डेकवर नाचघर आणि मत्स्यालय थाटले होते. १९६१मध्ये पुन्हा उभारली, तोफा नकली. हात लावता येतो म्हणून माप खरे असे नाही.

यामातो तर समुद्राच्या तळाशी, दोन तुकड्यांत. पण तळाने एक उत्तर दिले. नाळेवरचे शेवंतीचे चिन्ह दीड मीटर व्यासाचे, असे सगळे धरून चालले होते. १९९९मध्ये पाणबुडी खाली गेली, तेव्हा ते एक मीटरचेच निघाले. माझ्या मापात तीन मिलिमीटरलाही थोडे कमी. पितळी पत्र्याची टिकली कापून कानशीने पाकळ्या पाडतो आहे. आतापर्यंत पाच टिकल्या झाल्या, एकीच्याही सोळा पाकळ्या सारख्या नाहीत. मुलगी भिंग धरून मोजते आणि मान हलवते.