चार कोपऱ्यांचा भार

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली यांच्यामधला प्रदेश खाडीने, उल्हास नदीने आणि पारसिकच्या डोंगराने असा काही विभागला आहे की त्यात खऱ्या अर्थाने सपाट म्हणावी अशी जागा शोधावी लागते. आणि जिथे ती सापडते तिथेही पावसाळ्यात कोसळणारे सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाणी साचू नये म्हणून गवंडी फरशीला मुद्दाम ढाळ देतो. रस्ताही मध्यभागी उंच आणि कडांकडे उतरता असतो. जोरदार पावसाच्या प्रदेशात हा उतार साधारणपणे शंभराला दोन इतका ठेवतात, म्हणजे एकमेकांपासून दीड मीटरवर असलेल्या डाव्या आणि उजव्या चाकांखालच्या जमिनीत तीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. पाण्याला ही वाट मोकळी करून देताना मोटारीची चार कोपऱ्यांवरची उंची सारखी करू पाहणाऱ्या कारागिराचे काम मात्र सुरू होण्यापूर्वीच अवघड होऊन बसते, कारण ज्या जमिनीवर गाडी उभी आहे तीच तिरपी असेल तर गाडीचा भार खालच्या बाजूला कलतो आणि पट्टीवर वाचलेले प्रत्येक माप त्या कलण्याचेच माप ठरते.

रस्त्याचे खड्डे-उंचवटे चाकांनी सोसावेत आणि त्यांचे धक्के सांगाड्यापर्यंत पोचू नयेत, यासाठी चाके आणि सांगाडा यांच्यामध्ये जी यंत्रणा असते तिला सस्पेन्शन म्हणतात. तिच्यात स्प्रिंग भार झेलते, आणि गॅरेजच्या बोलीत ज्याला शॉकअप म्हणतात तो शॉकअॅब्सॉर्बर स्प्रिंगचे हेलकावे आवरतो. उंची बदलता येणाऱ्या सस्पेन्शनमध्ये शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात, त्या आट्यांवर एक कडे फिरते आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या कड्यावर टेकलेली असते. कडे वर चढवले की गाडीचा तो कोपरा उचलला जातो, उतरवले की खाली बसतो. उंची मोजतात ती चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, कारण जमिनीपासून मोजल्यास टायरची झीज आणि त्यातली हवाही मापात शिरते.

हे वर्णन ऐकून काम सोपे वाटते, पण त्याच्या आधीची तयारीच मुळात अर्धे काम असते. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी ज्या रीतीने भिंतीची पातळी काढतो, त्याच रीतीने चार चाकांखालच्या चार जागा तपासून जिथे खोलगट असेल तिथे पत्रा किंवा प्लायवूडचा तुकडा घालावा लागतो. चारही टायरांत हवा ठरल्याप्रमाणे भरलेली असावी लागते, टाकीत इंधन किती आहे हे माहीत असावे लागते, आणि भारतात चालक उजवीकडे बसत असल्यामुळे त्याच्या आसनावर त्याच्या वजनाइतके ओझे ठेवावे लागते. गाडी जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजली तर माप खोटे येते. चाके हवेत लोंबत असताना आडवी सरकलेली असतात आणि टेकल्यावर टायरचे रबर जमीन धरून ठेवत असल्याने ती आपल्या जागी परत जात नाहीत. त्यामुळे गाडी थोडी पुढे-मागे ढकलून आणि कोपरे दाबून तिला नीट बसू द्यावे लागते. एका बाजूची हालचाल दुसऱ्या बाजूला पोचवणारी आडवी दांडी, म्हणजे अँटिरोल बार, असेल तर तिची जोडणी तेवढ्यापुरती सोडवून ठेवणे इष्ट असते. शिवाय ज्या गाड्यांत स्प्रिंग चाकाच्या थेट वर नसून आतल्या बाजूला असते, त्यांत कडे सात मिलिमीटर फिरवल्यावर चाकापाशी दहा मिलिमीटरही फरक पडू शकतो.

खरी गुंतागुंत याच्यानंतर सुरू होते, कारण चार कोपरे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. चारही स्प्रिंगा सारख्या ताकदीच्या आहेत आणि सांगाडा ताठ आहे असे धरून चालले, तर पुढच्या उजव्या कोपऱ्याचे कडे आठ मिलिमीटर चढवल्यावर तो कोपरा आठ मिलिमीटर उचलला जात नाही. तो सहाच उचलला जातो, त्याचे दोन्ही शेजारी, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, प्रत्येकी दोन मिलिमीटर वर येतात, आणि कर्णावर समोर असलेला मागचा डावा कोपरा दोन मिलिमीटर खाली बसतो. एका कोपऱ्याला हात लावला की उरलेले तिघेही हलतात, आणि सारखेपणाच्या मागे धावणाऱ्या नवशिक्याला तोच कोपरा पुन्हा पुन्हा फिरवत बसावे लागते.

त्याहून सूक्ष्म फसगत पुढे आहे. कर्णावरच्या दोन कोपऱ्यांची कडी पाच मिलिमीटर चढवली आणि दुसऱ्या कर्णावरची तेवढीच उतरवली, तर सांगाडा जागचा हलत नाही आणि चारही कोपऱ्यांची उंची पट्टीवर पूर्वीइतकीच भरते. पण पहिल्या कर्णावरची दोन चाके आता जास्त भार घेऊन उभी असतात आणि दुसऱ्या कर्णावरची दोन हलकी झालेली असतात. विषम फरशीवरचा चौरंग दिसायला आडवा असूनही दोनच पायांवर तोललेला असावा, तशी ही स्थिती असते. तीन पायांवरचा भार वजन कुठे आहे यावरूनच ठरतो, चौथा पाय आला की तो उंचीच्या आड लपू शकतो. अशा गाडीला ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की हलके झालेले पुढचे चाक आधी घसरू लागते, आणि एका बाजूचे वळण तिला जितके सहज जमते तितके दुसऱ्या बाजूचे जमत नाही. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच चार स्वतंत्र काट्यांवर उभ्या करतात आणि कर्णावरच्या दोन चाकांच्या वजनाची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी येईपर्यंत कडी फिरवत राहतात. तिथे उंचीला दुय्यम स्थान असते. डोळ्याला दिसणारी समपातळी आणि चाकांना जाणवणारी समपातळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि दोहोंत निवड करायची वेळ आली तर चाकांचे ऐकावे, हे या विद्येतले जाणते मत आहे.

गाडी खाली बसवण्याची हौस या परिसरात गतिरोधकांपाशी येऊन थांबते, हे खरे; पण त्या बाबतीत दोष नेहमी गाडीचाच असतो असे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, असा दंडक आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकावर पूर्ण चढली, तर दोन आसांच्या मध्ये रस्त्याचा फुगवटा पाच सेंटिमीटरांहूनही थोडा कमी भरतो आणि बरीच खाली बसवलेली गाडीही त्यावरून न घासता जाते. सोसायटीच्या दारात एका रात्रीत उभा राहिलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र कोणत्याही वर्तुळाचा तुकडा नसतो, आणि इंजिनाखालचा चेंबर फुटतो तो तिथेच. कायद्याची बाजूही ध्यानात ठेवण्याजोगी आहे: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणून ठाण्याच्या एमएच ०४ किंवा कल्याणच्या एमएच ०५ या क्रमांकाची गाडी बाळगणाऱ्याने कड्याला पाना लावण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी केलेली बरी.

चार कोपरे तोलले, कर्ण जुळवले, तरी एक प्रश्न उरतोच आणि तोच या विषयाच्या गाभ्याशी आहे: ही समपातळी कोणत्या भारासाठी? एकट्या चालकासाठी समतल केलेली गाडी पाच माणसे आणि नैवेद्याच्या पिशव्या घेऊन टिटवाळ्याच्या गणपतीला निघाली की समतल राहत नाही. स्प्रिंगला एकच गणित येते, जितका भार तितके दबणे, आणि कड्याला आपणहून फिरता येत नाही.

ज्या वाहनाला हे आपणहून करता येते ते याच परिसरातून दिवसभर धावत असते, फक्त त्याच्याकडे त्या दृष्टीने कोणी पाहत नाही. २००७ च्या अखेरीपासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर आलेल्या नव्या लोकलगाड्यांत डबा आणि बोगी, म्हणजे चाके-आस धरून ठेवणारी खालची चौकट, यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेने फुगवलेले रबरी फुगे बसवले गेले. डब्याच्या तळाला एक झडप असते आणि तिची लहानशी दांडी बोगीला जोडलेली असते. माणसे चढली, डबा खाली बसला की दांडी वर ढकलली जाते, झडप उघडते आणि साठवलेली दाबाची हवा फुग्यात शिरून डब्याला मूळ उंचीवर आणते; माणसे उतरली की दांडी उलट फिरते आणि जादा हवा बाहेर सुटते. रुळांच्या प्रत्येक सांध्याला झडप उघडझाप करू लागली तर हवा वाया जाईल, म्हणून ती थोडा वेळ दम धरून मगच उघडते. डाव्या आणि उजव्या फुग्यांच्या मध्ये आणखी एक झडप असते. एक फुगा फुटला तर ती दुसऱ्यातली हवा पलीकडे जाऊ देते, त्यामुळे डबा एका बाजूला कलंडण्याऐवजी दोन्ही बाजूंनी खाली बसतो.

या झडपेवर पडणारे ओझे सामान्य नसते. रेल्वेच्या परिभाषेत अतिदाट गर्दी म्हणजे एका चौरस मीटरात चौदा ते सोळा उभी माणसे, आणि बारा डब्यांच्या गाडीत गर्दीच्या वेळी साडेचार-पाच हजार प्रवासी असतात. माणशी साठ किलो धरले तर एकेका डब्यावर चोवीस टनांच्या आसपास भार येतो. डोंबिवलीला तो चढतो, ठाण्याला त्याची उलथापालथ होते, आणि दर वेळी डब्याची जमीन जवळजवळ तिथेच राहते. चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या माणसाला, किंवा दाराच्या दांडीला लटकलेल्याला, आपल्या वजनाची नोंद घेऊन कुणीतरी आपल्यापुरती हवा भरली आहे, याची कल्पना नसते. कळव्याच्या कारशेडमध्ये उभ्या असलेल्या रिकाम्या गाड्यांतली हवा झिरपत गेली की त्याच डब्यांचे फुगे अंग सैल सोडतात, आणि पहाटे कॉम्प्रेसर सुरू झाला की पहिला प्रवासी यायच्या आत पुन्हा ताठ होतात.

तरीही झडपेला सगळे कळत नाही. चाके झिजतात, लेथवर तासली जातात, आणि व्यास वीस मिलिमीटरांनी घटला की डबा दहा मिलिमीटर खाली येतो. झडप फक्त डबा आणि बोगी यांच्यातले अंतर राखत असल्यामुळे ही घट तिला दिसत नाही, ती माणसालाच मोजून आणि पॅकिंग घालून भरून काढावी लागते. रेल्वेत काही सेंटिमीटरांचे मोल किती असते, याचे चांगले उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये चेन्नईहून आलेली पहिली वातानुकूलित लोकल. ती नेहमीच्या लोकलपेक्षा किंचित उंच निघाली, मध्य रेल्वेवरच्या जुन्या पुलांखालून तिला नेणे अवघड ठरले, आणि अखेर २५ डिसेंबर २०१७ रोजी ती पश्चिम रेल्वेवर धावू लागली. मध्य रेल्वेच्या प्रवाशांना, तेही ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या मार्गावर, अशी गाडी मिळायला २०२० चा जानेवारी उजाडला.

फलाटाची उंची हा याच हिशेबाचा दुसरा अर्धा भाग आहे. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला गाडी पकडताना फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीत पडून एका तरुणीने दोन्ही हात गमावले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले आणि उपनगरी फलाट ९०० मिलिमीटरांच्या वर उचलण्याचे काम हाती घेतले गेले. डबा आपली उंची कितीही राखो, फलाटाने आपली राखली नाही तर त्याचा उपयोग अर्धाच.

मोटारींच्या जगात भाराप्रमाणे उंची राखण्याचा हा विचार नवा नाही. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये डीएस ही गाडी तेल आणि वायू यांच्या दाबावर तोलून दाखवली होती. तरी आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाच्या गाडीत तशी यंत्रणा आली नाही, आणि ठाण्या-कल्याणात तर त्या कुटुंबाने डिकीत सीएनजीचा सिलिंडर घेतलेला असतो. सिलिंडर, त्याची चौकट आणि आतला वायू मिळून साठ किलो धरले तर मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर तीस किलो येतात, आणि एक मिलिमीटर दबायला अडीच किलो लागणारी स्प्रिंग तेवढ्याने बारा मिलिमीटर खाली जाते. टाटा कंपनीने २०२३ मध्ये अल्ट्रोझ गाडीत दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवले, त्याने पिशव्यांना जागा झाली, वजन काही नाहीसे झाले नाही. बसलेली मागची बाजू उचलण्यासाठी स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा तुकडा अडकवण्याची पद्धत सर्रास दिसते. तिच्याने एक वेढा जखडला जातो, स्प्रिंग आखूड आणि ताठर होते, आणि रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर उडते. त्यापेक्षा त्या वजनासाठी योग्य अशी स्प्रिंगच बसवून घ्यावी.

मागे बसणाऱ्या माणसांमुळे येणारा उतार तरीही राहतो, आणि त्याचा त्रास गाडीतल्यांना न होता समोरच्याला होतो. हेडलाइटचा खालचा झोत साधारणपणे शंभराला एक इतका झुकवलेला असतो. दोन आसांमध्ये अडीच मीटर अंतर असलेल्या गाडीची मागची बाजू तीन सेंटिमीटर बसली की तिचे नाक शंभराला सव्वाच्या आसपास वर होते आणि झोताचा सगळा झुकाव पुसला जातो. पन्नास मीटरवर तो साठ सेंटिमीटर वर चढलेला असतो, म्हणजे समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांच्या दिशेने. बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांची एक लहानशी चकती या कामासाठीच दिलेली असते, आणि बहुतेक गाड्यांत ती विकत घेतल्या दिवसापासून शून्यावर असते. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर रात्री भरलेली गाडी काढणाऱ्याने निघण्यापूर्वी ती चकती एक-दोन आकडे फिरवावी, आणि गाडी रिकामी झाली की आठवणीने परत आणावी.