कन्नड ते हरेगाव

कन्नडहून हरेगावला जायचं तर देवगाव रंगारी, शिऊर, वैजापूर करत गोदावरी ओलांडायची आणि श्रीरामपूर गाठायचं. सप्टेंबरात मका उंच झालेला असतो, कपाशीला बोंडं धरलेली असतात आणि आल्याचा भाव हा एसटीतला हमखास विषय असतो. या वेळी मात्र मागच्या बाकावरच्या बायकांमध्ये वेगळीच चर्चा चालली होती. मेणबत्त्या तिथेच घ्यायच्या की श्रीरामपुरातून? नवस कुणाचा फेडायचा राहिलाय? ही मंडळी मतमाउलीच्या, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या, यात्रेला निघाली होती. मीही.

देवगाव आणि शिऊर ही गावं संत बहिणाबाईंची. जन्म देवगावचा, समाधी शिऊरला. सतराव्या शतकात ब्राह्मण घरातल्या या बाईने तुकोबांना गुरू मानलं आणि नवऱ्याचा राग ओढवून घेतला. जन्माने वाट्याला आलेल्या वर्तुळाबाहेर आपली माणसं शोधण्याची खटपट या रस्त्याला नवी नाही.

कन्नडसारख्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. त्यातली बरीच माणसं जिल्ह्यातल्या इतर मिशनगावांशी सोयरिकीने बांधलेली. 1977 मध्ये औरंगाबादचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, पण यात्रेला जाताना धर्मप्रांताची हद्द कोण बघतो? हरेगाव येतं नाशिक धर्मप्रांतात, आणि मराठवाड्यातली कुटुंबं लेकीने माहेरी यावं तशी तिथे येतात.

हरेगाव नावारूपाला आलं ते बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे. भंडारदरा धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेचं पाणी कालव्यांतून आलं, ऊस वाढला आणि त्यामागे मजूर आले. मतमाउलीची यात्रा सुरू झाली 1949 मध्ये. त्या काळी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. शेतात राबून आलेल्या ख्रिस्ती मजुराला त्यातलं किती कळत असेल! यात्रा मात्र त्याला पुरती कळत होती. पायी जाणं, नवस बोलणं, उघड्यावर मुक्काम करणं, चुलते-मामे भेटणं हे त्याच्या हाडामासातलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, पण हे लोक त्याच्या कितीतरी आधी इथे रुळले होते.

मारियेचा जन्मदिन 8 सप्टेंबरला. त्याआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते आणि मग शनिवार-रविवारी हरेगावच्या संत तेरेजा चर्चच्या आवारात माणूस मावत नाही. टेम्पो, ट्रॅक्टर, पायी दिंड्या. साळवे, गायकवाड, पवार, त्रिभुवन अशा आडनावांनी एकमेकांना हाका मारल्या जातात. गर्दीत कुंकू लावलेल्या बायकाही कमी नाहीत. मारियेपुढे हात जोडताना त्यांना कुणी धर्म विचारत नाही. रात्री भजनं रंगतात. मराठी चर्चला भजन-कीर्तनाची गोडी लावली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. ते प्रोटेस्टंट आणि ही यात्रा कॅथलिक, पण टाळ-पेटीला हा भेद ठाऊक नसावा.

इथे आपलेपणा भरपूर आहे. सरकारी कागदावर मात्र तो महाग पडतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, पण इथे जमणाऱ्यांसारखे दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. म्हणजे एकाच वस्तीत, एकाच जातीच्या दोन घरांपैकी नवबौद्धाच्या पोराला अनुसूचित जातीचा दाखला मिळतो, ख्रिस्ती पोराला नाही. जात मात्र गाव दोघांचीही विसरत नाही. धर्म बदलला की भेदभाव संपतो, असं मानणाऱ्याने या वस्त्यांत आठवडाभर राहून बघावं. या प्रश्नावर केंद्राने 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

यात्रा बघायची असेल तर शनिवारी संध्याकाळच्या आत पोहोचा आणि मुक्कामाच्या तयारीनेच जा. नुसती रविवारची मिस्सा बघून परतलात, तर रात्रभर जागणारं हरेगाव तुम्हाला दिसणार नाही.