अठ्ठेचाळिसावं मिनिट

क्रिकेट सोडून दुसऱ्या कुठल्याही खेळाडूचं नाव काढलं की मित्रमंडळी पहिल्यांदा मेडल विचारतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, राणी रामपालकडे ऑलिंपिकचं मेडल नाही. तरीही ती माझी सर्वात आवडती खेळाडू आहे, आणि त्याला कारण २ नोव्हेंबर २०१९.

शनिवार होता. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलच्या रूमवर. भुवनेश्वरला भारत-अमेरिका ऑलिंपिक पात्रता सामना. दोन दिवसांत दोन मॅचेस आणि दोन्हींचे गोल एकत्र मोजायचे. आदल्या दिवशी आपण ५-१ जिंकलेलो, म्हणजे टोकियोचं तिकीट जवळजवळ खिशात. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला स्कोअर काय? अमेरिका ४, भारत ०! एकूण हिशोब ५-५. इतकी मेहनत आणि परत शून्यावर. तसंच राहिलं असतं तर शूटआऊट, आणि तिथे काहीही होऊ शकतं.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला डीमधे कॅप्टनला बॉल मिळाला आणि तिने तो सणसणीत हाणला. गोल. ६-५. उरलेली बारा मिनिटं मी खुर्चीत बसलो नव्हतो, एवढंच आठवतंय.

ही मुलगी हरियाणातल्या शाहाबाद मार्कंडाची. वडील गाडा ओढून घर चालवायचे. बलदेव सिंग या कडक गुरुजींच्या हाताखाली सराव करायचा तर रोज अर्धा लिटर दूध बरोबर न्यावं लागे. घरी तेवढं परवडायचं नाही, मग पाणी घालून ते भरायचं. घड्याळ नव्हतं, म्हणून आई तारे बघून पहाटे उठवायची. हे राणीनेच मुलाखतीत सांगितलेलं आहे. (आमच्याकडे तीन-तीन अलार्म लावूनही स्टँड-अप मीटिंग चुकते, ते सोडा.)

२००८ साली ती भारताकडून खेळली तेव्हा वयाची चौदा वर्षंही पूर्ण नव्हती. २०१०च्या रोझारिओच्या विश्वचषकात पंधराव्या वर्षी सात गोल! तरी संघ म्हणून आपण कुठेच नव्हतो. १९८०च्या मॉस्कोनंतर भारतीय मुलींना थेट २०१६ मधे ऑलिंपिक दिसलं, म्हणजे छत्तीस वर्षांनी. १९८२च्या एशियाडचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कॅप्टन आमच्या पुण्याची एलिझा नेल्सन, पण पुण्यात दहा जणांना विचारून बघा. असो. रिओत आपण बारा संघांत बारावे आलो. पाच मॅचेस, एक बरोबरी, चार पराभव.

त्याच राणीने पाच वर्षांनी टोकियोत संघ नेला. पहिल्या तिन्ही मॅचेस हरलो. मग आयर्लंड, दक्षिण आफ्रिका आणि क्वार्टर फायनलला चक्क ऑस्ट्रेलिया! शेवटी ब्राँझ ब्रिटनने नेलं, ४-३ असं. चौथा नंबर.

यापुढचा भाग सहसा कोणी लिहीत नाही. टोकियोनंतर दुखापतींनी गाठलं. २०२२च्या विश्वचषकाला ती संघात नव्हती. जानेवारी २०२३ मधे दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर परत घेतलं, पहिल्याच मॅचमधे तिने गोल केला, आणि नंतर पुन्हा हळूहळू बाहेर. त्याच मार्चमधे रायबरेलीच्या हॉकी मैदानाला तिचं नाव दिलं गेलं. म्हणजे मैदानाला नाव आहे, पण संघाच्या यादीत नाही!

तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. मी आता त्याच वयाच्या आसपास आहे. मला नुकतंच 'सिनिअर' केलंय आणि घरचे म्हणतात, आता कुठे सुरुवात आहे. आमच्याकडे बेंचवर बसलं तरी पगार चालू असतो आणि दोन महिन्यांत नवीन प्रोजेक्ट मिळतं. तिच्या बेंचवरून पुढचं प्रोजेक्ट आलंच नाही. निवड करणाऱ्यांची काही कारणं असतीलही, फिटनेस वगैरे. पण अडीचशेच्या वर सामने खेळलेल्या माणसाला वर्ष-दीड वर्ष नुसतं ताटकळत ठेवणं मला पटलेलं नाही. २०२४च्या पॅरिसला तर आपला महिला संघ पात्रच ठरला नाही. रांचीच्या त्या निर्णायक मॅचमधे जपानकडून ०-१ हरलो. डीमधे कोणाकडे बॉल गेला की मी अजूनही तिलाच शोधत होतो.

२४ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीत तिने निवृत्ती घेतली. हॉकी इंडियाने २८ नंबरची जर्सी तिच्याबरोबरच निवृत्त केली. तेव्हा ती अजून तीस वर्षांचीही नव्हती. पुढच्याच जानेवारीत महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, आणि सूरमा संघाच्या डगआऊटमधे ती कोच म्हणून उभी होती. मी स्कोअर सोडून बराच वेळ तिकडेच बघत बसलो.