अस्सल हरवल्यानंतर : ‘द विकर मॅन’ची चाळीस वर्षे

१/ जुना कागद हाती आला की अभ्यासक पहिला प्रश्न विचारतो, हे अस्सल की नक्कल? अस्सल नष्ट झाले असेल, तर कोणती नक्कल त्याच्या सर्वांत जवळची? हाच प्रश्न एका ब्रिटिश चित्रपटाविषयी चाळीस वर्षे विचारला जात होता. तो चित्रपट म्हणजे १९७३ चा ‘द विकर मॅन’. आजचा धागा त्याच्या हरवण्याचा आणि सापडण्याचा.

२/ कथा स्कॉटलंडजवळच्या समरआइल या काल्पनिक बेटावर घडते. एका बेपत्ता मुलीच्या शोधात सार्जंट हॉवी हा कर्मठ ख्रिस्ती पोलीस अधिकारी तेथे येतो. बेटावरील लोक मात्र ख्रिस्तपूर्व दैवतांची उपासना करणारे निघतात. दिग्दर्शन रॉबिन हार्डी यांचे, पटकथा अँथनी शॅफर यांची. हॉवीची भूमिका एडवर्ड वुडवर्ड यांनी केली, तर बेटाच्या धन्याची क्रिस्टोफर ली यांनी.

३/ शीर्षकामागे इतिहासातील एक उल्लेख आहे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात लिहिले, की तेथील लोक डहाळ्यांनी विणलेल्या प्रचंड मानवाकृतींत जिवंत माणसे भरून त्यांना आग लावतात. ही जेत्याने जितांविषयी दिलेली साक्ष आहे. तिला दुजोरा देणारा उत्खननाचा पुरावा नाही. तरीही ती प्रतिमा दोन हजार वर्षे टिकली.

४/ चित्रीकरण १९७२ च्या शरद ऋतूत, नैर्ऋत्य स्कॉटलंडमध्ये झाले. कथेतील काळ मात्र मे महिन्याच्या आरंभीचा, वसंतोत्सवाचा. त्यामुळे निष्पर्ण झाडांवर कृत्रिम फुलोरा चढवावा लागला. थंडीत तोंडातून निघणारी वाफ कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून नटांना बर्फाचे तुकडे तोंडात धरावे लागत.

५/ चित्रपट पूर्ण होईपर्यंत ब्रिटिश लायन या निर्मितीसंस्थेची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती गेली होती. नव्या व्यवस्थापनाला तो विकण्याजोगा वाटला नाही. सुमारे ९९ मिनिटांचा चित्रपट कापून ८८ मिनिटांच्या आत आणला गेला आणि ‘डोन्ट लुक नाऊ’ या चित्रपटाला जोडून दुय्यम खेळ म्हणून दाखवला गेला.

६/ या कात्रीने केवळ लांबी घटली नाही. मूळ कथेत हॉवी बेटावर दोन रात्री काढतो. पहिल्या रात्री तो शेजारच्या खोलीतील प्रणय ऐकतो, दुसऱ्या रात्री मोह थेट त्याच्याच दारी येतो. कापलेल्या आवृत्तीत दोन रात्रींची एक झाली. हॉवीची परीक्षा पायरीपायरीने कठीण होत जाते, ही रचनाच त्यामुळे पुसली गेली.

७/ पुढे हार्डींनी मूळ लांबीचा चित्रपट परत मिळवायचे ठरवले, तेव्हा कळले की निगेटिव्हचे जादा डबे साठागृहातून नाहीसे झाले आहेत. ते एम-३ महामार्गाच्या भरावात गाडले गेले, ही आख्यायिका येथूनच सुरू झाली. तिची सवय इतकी झाली, की अनेक जण ती सिद्ध घटना म्हणून सांगतात. पुरावा सांगतो तो एवढाच : डबे नाहीत.

८/ वाचले ते एका योगायोगाने. कात्री लागण्यापूर्वीची एक प्रिंट अमेरिकेतील निर्माते रॉजर कॉर्मन यांच्याकडे अभिप्रायासाठी गेली होती. कॉर्मन यांनी ती जपून ठेवली होती. तिच्या आधारे हार्डींनी १९७९ मध्ये अमेरिकेसाठी नवे संकलन केले. दोन्ही रात्री परत आल्या. पूर्ण लांबीची आवृत्ती मात्र पुढे व्हिडिओ टेपवर उतरवलेल्या रूपातच उरली.

९/ म्हणून घरगुती डीव्हीडीवर आलेली ‘दीर्घ’ आवृत्ती ठिगळासारखी दिसते. एक दृश्य स्वच्छ आणि रंगीत, तर लगेच पुढचे धूसर, फिकट. ही धूसरता सदोष तबकडीची नव्हे. ज्या जागी चित्र मळते, त्या जागी अस्सल संपले आहे आणि नक्कल सुरू झाली आहे. जीर्ण पोथीत हस्ताक्षर बदलावे, तसे हे.

१०/ २०१३ मध्ये हक्कधारक स्टुडिओकॅनाल कंपनीने जगभरच्या रसिकांना आवाहन केले : हरवलेल्या साहित्याचा मागमूस असेल तर कळवा. शोधाअंती हार्वर्ड फिल्म आर्काइव्हमध्ये ३५ मिलिमीटरची एक प्रिंट मिळाली. ती हार्डींच्या १९७९ च्या संकलनाची होती. तिच्यावर संस्करण होऊन सुमारे ९२ मिनिटांची ‘फायनल कट’ त्याच वर्षी चित्रपटगृहांत आणि ब्लू-रेवर आली.

११/ ‘फायनल’ या शब्दाने फसू नये. मुख्य भूमीवरील पोलीस ठाण्याचे प्रसंग तिच्यात नाहीत. ती परिपूर्ण आवृत्ती नव्हे. दिग्दर्शकाने स्वतः लावलेला क्रम आणि फिल्मवर टिकलेली चित्रे, या दोन्ही कसोट्यांना उतरणारी ती आवृत्ती आहे. रिमास्टर करणारा डाग पुसू शकतो, रंग सावरू शकतो. जे फिल्मवर उरलेच नाही, ते तो निर्माण करू शकत नाही. २०१३ मध्ये हार्डी ८३ वर्षांचे होते. शॅफर २००१ मध्ये आणि वुडवर्ड २००९ मध्ये निवर्तले होते. त्यांना ही आवृत्ती पाहता आली नाही.

१२/ आपल्याकडे याहून वेदनादायक उदाहरण आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे आणि जाहिराती आहेत, आवाज नाही. ‘द विकर मॅन’ला एक कॉर्मन भेटले, ‘आलम आरा’ला भेटले नाहीत.

१३/ साठागृह रिकामे करणाऱ्यांना आपण काही नष्ट करतो आहोत असे बहुधा वाटतही नसते. त्यांना जागा हवी असते. एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर, शाळेच्या कपाटात किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहात फिल्मचा डबा आढळला आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती फिल्म कुजू लागली आहे असे समजावे. तो भंगारात देऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. त्यात काय आहे, हे पाहिल्याशिवाय कळणार नाही.