न दुखणारी गाठ

ती डोळ्यांना सहसा दिसत नाही. बेंबीच्या अंगाला, दोन-तीन बोटांवर, कातडीखाली पसरून बसलेली असते. ना लाली, ना खाज, ना ताप. बोटांनी चाचपलं तरच तिचा पत्ता लागतो. आजूबाजूचं पोट मऊ आणि मध्येच घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी जागा, चिमटीत नीट न येणारी. वैद्यकात तिला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात. घरात तिला कुणी काहीच म्हणत नाही, कारण ती आहे हेच कुणाला ठाऊक नसतं.

स्वभावानं ती मायाळू. मधुमेहासाठी रोज इन्शुलिन टोचताना नव्या जागी सुई बोचते, फ्रिजमधून नुकतं काढलेलं गार इन्शुलिन चुरचुरतं, स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तर झोंबतं. हिच्यात मात्र सुई गेलेलीही कळत नाही. इन्शुलिन घेणारी लहान मुलं टोचायची वेळ आली की बोटानं नेमकी हीच जागा दाखवतात. माझी मावशीही म्हणायची, "अगं, इथंच बरं पडतं. इथं मेलं काही कळतच नाही." दिवसातून तीन-चार वेळा आणि तेही जन्मभर टोचून घ्यायचं असेल, तर न दुखणारी जागा माणूस का सोडेल?

तिचा जन्म इन्शुलिनच्याच पोटी होतो. रक्तातली साखर उतरवणं हे इन्शुलिनचं एक काम, चरबी साठवायला लावणं हे दुसरं. एकाच जागी रोज टोचत राहिलं की तिथल्या चरबीच्या पेशी फुगतात आणि ही आकाराला येते. तीच सुई पुन्हा पुन्हा वापरली तर तिला आणखी बळ मिळतं. आपल्याकडे सुई चार-सहा वेळा, कधी बोथट होईपर्यंत चालवतात. खर्चाचा हिशेब करून जगणाऱ्या घरांना मी त्यासाठी नावं ठेवणार नाही, पण गाठ हिशेब जाणत नाही.

देण्या-घेण्यात तिचा काही नेम नसतो. आत सोडलेलं इन्शुलिन ती धरून ठेवते. कधी जेवण होऊन तास उलटले तरी थेंबाथेंबानं सोडते, कधी भलत्याच वेळी एकदम ओतते. मावशीची शुगर सकाळच्या नाश्त्यानंतर तीनशेपार जायची. घरात सगळे म्हणायचे, गोड खाल्लं असणार. ती बिचारी शपथा घ्यायची. डॉक्टरांनी युनिटं वाढवली, मग पुन्हा वाढवली. आणि एका दुपारी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. साखर घातलेलं पाणी पाजल्यावर ती भानावर आली. गाठीचा आळ तिच्या जिभेवर आला होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

तपासताना फाइल पाहिली जाते, रिपोर्ट पाहिला जातो, पोट मात्र राहून जातं. गर्दीच्या दवाखान्यात, लुगड्याच्या निऱ्या सावरत, अनोळखी माणसांसमोर बाई आपणहून पोट उघडं करणार नाही. डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी पडदा ओढून "टोचता ती जागा दाखवा" म्हणावं आणि हात फिरवावा. एवढ्यानं ती सापडते.

टोचलेल्या जागेनं त्रास देण्याची ही रीत इन्शुलिनइतकीच जुनी आहे. 11 जानेवारी 1922 ला टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा स्वादुपिंडाचा अर्क टोचला, तेव्हा साखर थोडीच उतरली आणि टोचल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिपनं अर्क शुद्ध केला आणि 23 जानेवारीला तोच मुलगा सुधारू लागला. पुढे कित्येक दशकं गाई-डुकरांपासून काढलेल्या इन्शुलिननं कातडीखालची चरबी झिजून खड्डे पडत. इन्शुलिन शुद्ध होत गेलं, 1982 मध्ये मानवी इन्शुलिन बाजारात आलं, आणि खड्डे विरळ झाले. गाठ मात्र राहिली. ती अशुद्धीतून उपजलेली नव्हतीच, त्यामुळे कितीही निर्मळ औषध आलं तरी तिला धक्का लागला नाही.

तिला हाकलायला औषध लागत नाही, एकटं सोडावं लागतं. बोटांना साबणाचं पाणी लावून पोट, मांड्या, दंड चाचपावेत. जिथं ती सापडेल तिथं पेनानं गोल करावा आणि त्या गोलात सुई नेऊ नये. पोटाचे चार भाग कल्पून आठवड्याला एक वापरावा, आदल्या टोचण्यापासून बोटभर आणि बेंबीपासून दोन बोटं दूर राहावं. काही महिन्यांत ती बहुधा ओसरते.

पण तिला सोडताना युनिटांचं आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. तिच्यात मुरून जाणारं इन्शुलिन धरून डोस वाढलेला असतो आणि निरोगी जागी तोच डोस पुरता रक्तात उतरतो. साखर धाडकन खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलल्यावरचे पहिले काही दिवस एरवीपेक्षा जास्त वेळा बोट टोचून शुगर पाहावी, पहाटे तीनच्या सुमारासही एकदा, आणि उशाशी साखरेची पुडी असू द्यावी.