गोल जिन्याचे तीन नकाशे आणि आईचं पाऊल

गेल्या महिन्यात दवाखाना आटोपून घरी आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर तीन नकाशे पसरलेले होते. गच्चीवर एक खोली बांधायची आणि तिथे जायला हॉलच्या कोपऱ्यातून लोखंडी गोल जिना करायचा, असं आमचं ठरलं होतं. गच्चीवर जाणारा आमचा जुना जिना घराबाहेरून आहे. पावसाळ्यात तो शेवाळतो, आणि रात्री-अपरात्री खोलीत जायचं तर दार उघडून बाहेर पडावं लागेल. म्हणून आतून जिना हवा होता. फॅब्रिकेटरने चार फुटी, पाच फुटी आणि सहा फुटी असे तीन पर्याय काढून दिले होते. जाताना सांगूनही गेला होता, "डॉक्टर, चार फुटीच घ्या. स्वस्तात बसेल, जागा वाचेल आणि दिसायला नाजूक."

खरं सांगतो, मलाही तोच आवडला होता. गोल जिन्याचं मला लहानपणापासून वेड. शाळेच्या सहलीत विजापूरच्या गोलघुमटाला गेलो होतो. तिथल्या मनोऱ्यातला अरुंद, वळत वळत वर जाणारा जिना चढताना जी मजा आली होती, ती घुमटातल्या घुमणाऱ्या आवाजातही आली नव्हती. आपल्या घरात असा जिना असावा, हे तेव्हापासून मनात होतं.

तुम्ही म्हणाल, डॉक्टर आज आरोग्याचं सोडून बांधकामावर का लिहितायत? कारण हाडं मोडून येणारे कितीतरी वयस्कर रुग्ण जिन्यावरून पडलेले असतात. आपण जिना निवडतो तो दिसण्यावरून, जागेवरून आणि पैशांवरून. त्यावरून कोण उतरणार आहे, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मीसुद्धा विचारला नव्हता.

गोल जिन्याची पायरी वेगळी कशी?

सरळ जिन्याची पायरी इकडून तिकडे सारख्याच रुंदीची असते. गोल जिन्याची पायरी म्हणजे कलिंगडाची फाक. मधल्या खांबाजवळ निमुळती, बाहेर रुंद. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणा. बारा ते एक या आकड्यांमधली फाक म्हणजे एक पायरी. अशा बारा पायऱ्यांत एक फेरा पूर्ण होतो.

आता थोडा हिशेब. आपण गोल जिन्यावर साधारणपणे मध्यापासून दोन तृतीयांश अंतरावरून चालतो. पाच फुटी जिन्यात मध्यापासून कडेपर्यंत ३० इंच, म्हणजे आपली चालण्याची रेषा मध्यापासून २० इंचांवर. त्या रेषेचा पूर्ण घेर होतो सुमारे १२५ इंच. तो बारा पायऱ्यांत वाटला की प्रत्येक पायरीला साडेदहा इंच मिळतात. हाच हिशेब चार फुटी जिन्यात साडेआठ इंचांच्याही खाली येतो. सहा फुटीत साडेबारा इंच मिळतात.

दुसरी गोष्ट उंचीची. आमच्या हॉलपासून गच्चीपर्यंत १० फूट, म्हणजे १२० इंच. साडेसात इंचांची एक पायरी धरली तर १६ उंच्या लागतात. चार फुटीच्या नकाशात मात्र १३च उंच्या होत्या. म्हणजे प्रत्येक पायरी सव्वानऊ इंच! पायऱ्या कमी, लोखंड कमी, म्हणून तो स्वस्त.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, राहत्या घरातल्या सर्वसाधारण जिन्यासाठी पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर आणि उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर सांगितली आहे. म्हणजे साधारण १० इंच आणि साडेसात इंच. इमारतीतून सुटकेच्या मार्गांच्या नियमांत गोल जिन्याचा व्यास १५०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे जवळजवळ पाच फुटांपेक्षा, कमी नसावा असंही म्हटलं आहे. हे आकडे माणसाच्या पावलावरून आणि गुडघ्यावरून आलेले आहेत.

उतरताना शरीरात काय चालतं?

चढताना दम लागतो, म्हणून आपण चढण्याला घाबरतो. पण धोका जास्त असतो तो उतरताना. उतरताना एका पायाचा गुडघा वाकवत सगळं शरीर हळूहळू खाली सोडायचं असतं. हे काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं. गुडघ्यावर त्या क्षणी वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. वयाबरोबर हे स्नायू बारीक होतात, आणि मग पाऊल ठेवलं जात नाही, टाकलं जातं.

त्यात पुढच्या गोष्टींची भर पडते:

• मधुमेह. बरीच वर्षं शुगर असलेल्यांच्या तळपायांची संवेदना कमी होते. आपली टाच पायरीवर आहे की अर्धी हवेत, हे पायाला कळतच नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं.

• चष्मा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग वाचायसाठी असतो. त्यातून खाली बघितलं की पायरी धूसर दिसते. मागच्या पावसाळ्यात मी स्वतः अशीच एक शेवटची पायरी चुकवली. कठडा हातात होता म्हणून वाचलो.

• रक्तदाब. झोपेतून किंवा खुर्चीतून उठल्यावर काहींचा वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त अंकांनी उतरतो. डोळ्यांपुढे अंधारी येते. बी.पी.च्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनी हे वाढतं.

• चक्कर आणि कंपवात. कानाच्या दोषामुळे चक्कर येणाऱ्यांना सतत एकाच दिशेने वळणं झेपत नाही. कंपवातात नेमकं वळतानाच पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोल जिन्यात तर प्रत्येक पायरी हे वळणच असतं.

आईचं पाऊल

हे सगळं मी रोज रुग्णांना सांगतो. तरी नकाशा बघताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. आलं ते आईमुळे.

आई ७८ वर्षांची आहे. अठरा वर्षं मधुमेह, बी.पी.ची गोळी, रात्री दोनदा उठावं लागतं. तरी उन्हाळ्यात सांडगे, कुरडया गच्चीवर ती स्वतः घालते. बाहेरच्या जिन्यावरून, कठडा धरून, एकेक पायरी. नकाशे बघून ती एवढंच म्हणाली, "यातल्या कुठल्या जिन्यावरून मला वर जाता येईल, ते सांग."

मी खडू आणला. चटईच्या दोऱ्याचं एक टोक बायकोला धरायला लावलं आणि हॉलच्या फरशीवर तिन्ही नकाशांची एकेक पायरी खऱ्या मापात काढली. मग आईला म्हटलं, "उतरते आहेस असं समज आणि पाऊल ठेव."

आईचं पाऊल नऊ इंचांचं. चार फुटीच्या फाकेत टाच मागच्या रेषेला लावली तर बोटं पुढे बाहेर. शिवाय फाक निमुळती असल्याने पावलाच्या आतल्या बाजूला आणखी कमी जागा. पाच फुटीत पाऊल जेमतेम मावलं, पण अगदी रेषेवर ठेवलं तरच. थोडं आत सरकलं की बोटं बाहेर. सहा फुटीत ते आरामात बसलं.

आईने तिन्ही फाका पाहिल्या आणि म्हणाली, "चार फुटीच कर. वर तुझी खोली आहे. मला काय काम वर?"

मला ते लागलं. कारण ती रागाने बोलली नव्हती. माझी सोय व्हावी म्हणून तिने गच्ची सोडून दिली होती, एका वाक्यात.

त्या रात्री मला जुनी एक व्हिजिट आठवली. दहा-बारा वर्षांपूर्वीची. सत्तरीचे एक गृहस्थ, हृदयविकाराचे जुने रुग्ण, वरच्या खोलीत धापा टाकत बसलेले. फुप्फुसांत पाणी भरलेलं. अशा रुग्णाला आडवं करता येत नाही आणि चालवूही नये. खाली रुग्णवाहिका उभी होती, पण मधे असाच चार फुटी लोखंडी जिना. स्ट्रेचर वळेना. खुर्चीत बसवून उचलावं तर एका पायरीवर दोन माणसं उभी राहीनात. शेवटी मुलगा खाली, मी वर, आणि ते मधे, बसत बसत एकेक पायरी उतरले. वीस मिनिटं लागली. ते वाचले, आठ दिवसांनी घरी आले आणि त्यांचा पलंग कायमचा खाली आला. पण त्या वीस मिनिटांत मी जितका घाबरलो तितका फार कमी वेळा घाबरलो असेन.

जागा खरंच वाचते का?

दुसऱ्या दिवशी कागद-पेन घेऊन बसलो. सहा फुटी गोल जिना ज्या चौकोनात बसतो, तो ३६ चौरस फुटांचा. तीन फूट रुंद सरळ जिन्याला, दहा इंचांच्या पंधरा पायऱ्या धरल्या, तर लागतात साडेसदतीस. म्हणजे सुरक्षित मापाचा गोल जिना घेतला तर जागा जवळजवळ तेवढीच जाते! तो कोपऱ्यात मावतो, हा त्याचा फायदा खरा. पण सरळ जिन्याखाली कपाट तरी होतं. गोल जिना जागा वाचवतो तो मुख्यतः अरुंद केल्यावरच, म्हणजे आपल्या पावलाखालची जागा कापून.

मी ५४ वर्षांचा आहे. जिना वीस-पंचवीस वर्षं तरी टिकणार. तेव्हा आईच्या वयाचा मी असेन. म्हणजे प्रश्न फक्त आईचा नव्हताच.

आम्ही गोल जिना रद्द केला. भिंतीला लागून सरळ जिना, मधे एक चौक, दोन्ही बाजूंना कठडा. त्यासाठी देवघर दीड फूट सरकवावं लागलं. त्यावर आई चार दिवस कुरकुरली. गच्ची सोडताना कुरकुरली नव्हती, हे मी तिला बोलून दाखवलं नाही.

तुम्ही नकाशा निवडत असाल तर

गोल जिना वाईटच, असं मी म्हणत नाही. तरुण कुटुंब असेल, वर फक्त अभ्यासाची खोली किंवा माळा असेल, घरात दुसरा सरळ जिना असेल, तर जरूर करा. फक्त एवढं तपासा:

१. पाच फुटांपेक्षा कमी व्यास नको. जमल्यास सहा फूट.

२. प्रत्येक पायरीची उंची सारखी आणि साडेसात इंचांच्या आसपास. पहिली किंवा शेवटची पायरी वेगळ्या उंचीची झाली की पाऊल हमखास चुकतं.

३. डोक्यावरची उंची. एका फेऱ्यानंतर वरची पायरी तुमच्या डोक्यावर येते. बारा पायऱ्या साडेसात इंचांच्या असतील तर साडेसात फूट मिळतात. फेऱ्यात दहाच पायऱ्या असतील तर सव्वासहा फूट, आणि कपाळमोक्ष!

४. वळण कुठल्या बाजूला? चढताना उजवीकडे वळणारा जिना असेल तर उतरताना बाहेरचा कठडा उजव्या हातात येतो. बहुतेकांना हेच सोयीचं. पण घरात कुणाचा उजवा हात अर्धांगवायूने कमजोर असेल तर नेमकं उलटं हवं.

५. कठड्याच्या सळ्यांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. लहान मुलाचं डोकं त्यातून जाता कामा नये.

६. वर न्हाणीघर नसेल तर ज्येष्ठांची झोपायची खोली वर नको.

आणि हो, खडूने फरशीवर पायरी काढून घरातल्या सर्वात वयस्कर माणसाला तीवर उभं करा. फुकटची तपासणी आहे.

घरात गोल जिना आधीच असेल तर

प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावा. वर आणि खाली दोन्हीकडून चालणारा दिवा बसवा. नेहमी रुंद बाजूने, कठडा धरून उतरा. एका हातात सामान चालेल, दोन्ही हातांत नाही. सैल सपाता, लोळणारी साडी किंवा ओले पाय घेऊन उतरू नका. झोपेतून उठल्यावर दोन मिनिटं पलंगावर बसा, मग उभे राहा, मग चाला.

घरी बी.पी.चं मशीन असेल तर पाच मिनिटं पडून राहून रक्तदाब मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. ज्येष्ठांची ही तपासणी करताना कुणीतरी शेजारी थांबा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, किंवा उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर तुमच्या डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि गेल्या वर्षभरात एकदा जरी पडला असाल, लागलं नसलं तरी, ते डॉक्टरांना सांगा. अनेक जण लाजेने सांगत नाहीत, आणि पुढचं पडणं मांडीचं हाड मोडून होतं.

आमच्या जिन्याचं काम दिवाळीनंतर सुरू होईल. चार फुटीचा तो नकाशा मी फाडलेला नाही, कपाटात ठेवला आहे. दिसायला खरंच सुरेख आहे.