भेटायला येऊ नये

आपल्याकडे कुणी गेलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि आलेला प्रत्येक जण तेच विचारतो, "कसं झालं?" या प्रश्नाचा मला तिटकारा होता. ज्यांच्यावर आभाळ कोसळलंय त्यांच्याकडून सगळी हकीकत वदवून घ्यायची ही कसली रीत, असं मी चारचौघांत बोलत असे. मी आणि बायको, दोघंही चळवळीतले. देहदानाचे फॉर्म एकत्रच भरलेले. बायको गेली तेव्हा मी व्हॉट्सॲपवर निरोप धाडला: देहदान झाले आहे, कोणतेही विधी नाहीत, कृपया भेटायला येऊ नये. समंजस मित्रांनी तो तंतोतंत पाळला.

भाजीवाल्या मावशींपर्यंत तो पोचलाच नव्हता. गाडी कोपऱ्यावर लावून त्या वर आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या नि म्हणाल्या, "दादा, कसं झालं वो?" मी सांगितलं. अटॅक, आयसीयू, व्हेंटिलेटर, पहाटे गेली. नुसतं हॉस्पिटलचं कार्ड वाचून दाखवल्यासारखं. मावशी म्हणाल्या, "आदल्या दिशी तर माझ्याकडनं मेथी घेतली की." जुडी फ्रिजमध्ये तशीच होती, पानं पिवळी पडायला लागलेली. त्यांनी ती मागून घेतली, पदर पसरला आणि निवडत बसल्या. त्या निवडत होत्या तोवर मी बोलत होतो. रात्री तिला घाम फुटला तेव्हा मी "ॲसिडिटी असेल" म्हणालो होतो, हे मी तोपर्यंत मुलीलाही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर जो येईल त्याला मी येऊ दिलं. दर खेपेला हकीकत थोडी बदलायची. त्यातलं हॉस्पिटल आखडत गेलं, बायको वाढत गेली.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांचे नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे मी पूर्वी भाषणांत ठोकून देत असे. त्यांचं १९६९चं पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर उभं आहे. मागे राहिलेल्यांना ते टप्पे नंतर चिकटले. मला जास्त पटले ते नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ स्ट्रोब आणि शूट. त्यांनी १९९९मध्ये मांडलं, की माणूस दुःख आणि रोजचे व्यवहार यांत येरझारा घालत असतो आणि त्या घालणं हेच सावरणं असतं. आमच्या घरी तेच चाललं होतं. पाहुणा आला की रडायचं, तो गेला की गॅसचं पुस्तक शोधायचं.

करोनात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. भेटायला जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा मी एका मित्राला फोनवर म्हणालो होतो, "बरं झालं, गर्दीचा त्रास वाचला." तो काहीच बोलला नाही. त्याच्या वडिलांचं कसं झालं, हे मी त्याला यंदा विचारलं. तो दीड तास बोलत होता.

पिंडदान मला आजही पटत नाही. "सुटली बिचारी", "देवाची इच्छा", "आता मुलांकडे बघा" असं सांगणारे तर मुळीच नकोत. येणाऱ्यांनी विचारावं आणि ऐकावं, एवढंच माझं मत बदललंय.

तेव्हा कुणाकडे जायचं राहिलं असेल तर जाऊन या. तेरावा उलटून गेला म्हणून संकोचू नका. खरं तर त्यानंतरच घर रिकामं होतं. सांत्वनाची वाक्यं पाठ करून जाऊ नका. जेवणाची वेळ टाळा आणि चहा लागलाच तर स्वतः करून घ्या.